पुढे रेड्याचे काय झाले?

उद्या भाद्रपदातील अमावास्या. पंचांगात तिचे नाव सर्वपित्री अमावास्या. ज्या पितरांची तिथी ठाऊक नाही, ज्यांच्या तिथीला काही अडचणीने श्राद्ध राहून गेले, अशा सर्वांना या एका दिवशी तिलांजली मिळते आणि पक्षपंधरवडा समाप्त होतो. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी बैलपोळा श्रावणी अमावास्येलाच, पिठोरीच्या दिवशी, होऊन गेला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या टापूत मात्र पोळा उद्या. म्हणजे येथील शेतकऱ्याच्या घरी एकाच दिवशी, एकाच चुलीवर, पितरांचे पान आणि बैलांचे पुरण अशी दुहेरी सिद्धता होते. दुपारी काकबली ठेवून कावळ्याची वाट पाहावयाची आणि दिवस कलला की शिंगांना हिंगूळ, बेगड लावून, पाठीवर झूल घालून बैल मारुतीच्या देवळापुढे वाजतगाजत न्यावयाचे.

परगावच्या माणसाला हा योग चमत्कारिक वाटतो. श्राद्धाच्या दिवशी वाजंत्री कशी, असे मला एका पुणेकर गृहस्थांनी विचारलेही होते. परंतु शास्त्र पाहू गेले तर पितर आणि वृषभ यांची गाठ आजची नव्हे. मृताच्या अकराव्या दिवशी वृषोत्सर्ग सांगितला आहे. मृताच्या नावाने एक वळू अंकित करून मोकळा सोडावयाचा, त्याला पुन्हा कोणी जुंपावयाचे नाही, कोणाच्या शेतात शिरला तरी मारावयाचे नाही. अशा मोकळ्या वळूला आपण मराठीत पोळ म्हणतो. जुन्या पिढीतील वाचकांनी आपापल्या गावी असा पोळ पाहिला असेल. कामाला न लावता सांभाळावयाचे जनावर, आणि तेही गेलेल्या माणसाच्या नावाने, ही कल्पना ज्याला सुचली त्याला प्रपंचाचे काही वर्म कळले होते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

गेल्या वर्षी भाद्रपद वद्य त्रयोदशीस आंबेगाव तालुक्यातील पेठ येथे एका घरी पुण्यस्मरणाचे कीर्तन होते. आळंदीहून निघून चाकण, राजगुरुनगर मागे टाकले की नाशिक रस्त्यावर, अवसरीच्या घाटाच्या अलीकडे, हे गाव लागते. दिवंगत गृहस्थ शेतकरी, वारकरी, आणि बैलांचे मोठे शौकीन. तेव्हा उत्तररंगाला पैठणच्या रेड्याचे आख्यान घेतले. ते माझे हातखंडा आख्यान आहे, असे श्रोते म्हणतात. पैठणचा ब्रह्मवृंद, त्याच्यापुढे उभी असलेली, संन्याशाची पोरे म्हणून हिणवली गेलेली चार भावंडे, पखाल वाहणारा ग्याना नावाचा तो रेडा, ज्ञानदेवांनी त्याच्या मस्तकावर ठेवलेला हात, आणि त्या मुक्या मुखातून उमटलेल्या ऋचा. मृदंग टिपेला पोहोचला, जयजयकार झाला, आरती झाली.

प्रसाद घेऊन मंडळी पांगली तेव्हा एक वृद्ध गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. पांढरा लेंगा-सदरा, हातात काठी, वय अठ्ठ्याहत्तरच्या घरात. गावात त्यांना सारे ‘डॉक्टर’ म्हणतात. कोणी नवखा असला तर ‘माणसांचे नव्हे, गुरांचे’ अशी पुस्ती जोडतात. मुंबईस परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १८८६ सालापासूनची ती जुनी संस्था. पुढे सरकारी नोकरीत तीसहून अधिक वर्षे त्यांनी गोठे पालथे घातले आणि निवृत्त होऊन जन्मगावी परतले. ते म्हणाले, “बुवा, कीर्तन फार चांगले झाले. एक विचारू का? रेड्याने वेद म्हटले इथपर्यंत सगळे सांगतात. पुढे त्या रेड्याचे काय झाले?”

मी क्षणभर गप्प झालो. तीस वर्षांहून अधिक काळ हे आख्यान लावतो आहे. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आम्हा कीर्तनकारांचा हा दोषच म्हणावयाचा. टाळी जेथे पडते तेथे आमचे आख्यान थांबते.

वस्तुतः उत्तर त्या गावापासून दूर नव्हते. त्याच नाशिक रस्त्याने घाट पार करून मंचर, कळंब, नारायणगाव ओलांडले की आळेफाटा येतो. त्याच्या शेजारी जुन्नर तालुक्यातील आळे. तेथे त्या रेड्याची समाधी आहे. परंपरा अशी सांगते की, पैठणहून भावंडे निघाली तेव्हा तो रेडा त्यांच्याबरोबर आला. त्याच्या पाठीवर ग्रंथांचे ओझे होते. नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, आणि तेथून आळंदीकडे येत असता आळ्याच्या रानात त्या रेड्याने देह ठेवला. ज्ञानदेवांनी स्वहस्ते त्याला समाधी दिली. चैत्रात तेथे यात्रा भरते, आणि आषाढीला त्या स्थानाची पालखीही पंढरीस जाते. मनुष्याच्या पालख्या पुष्कळ. पशूची अशी ही एक.

मी हे सांगितले. डॉक्टर म्हणाले, “समाधी ठाऊक आहे मला. त्या भागात नोकरी केली आहे. मला विचारायचे होते ते निराळे. पैठणपासून आळ्यापर्यंत त्याला कोणी सांभाळले?” आणि मग त्यांनी जे सांगितले ते आजवर मी कोणत्याही पोथीत वाचलेले नाही. म्हशीच्या जातीला ऊन सोसत नाही. कातडी काळी, अंगावर केस विरळ, घाम जेमतेम. उन्हात चालवावयाची तर तिला मधून मधून पाण्यात बसवावे लागते, नाहीतर धाप लागून ती खाली बसते. “गोदावरीच्या काठापासून या डोंगरापर्यंत तो रेडा चालत आला, याचा अर्थ त्या पोरांनी वाटेत त्याला वारंवार पाण्यात बसवला असणार. तो डुंबत असेल तोवर काठावर थांबली असणार. शिवाय पखालीचा रेडा म्हणजे आधीच राबून थकलेला. त्यांनी त्याला घाईने हाकलेला नाही, बुवा. त्याच्या चालीने ती चालली आहेत.”

वाचकहो, रात्री अंथरुणावर पडलो तरी मला झोप येईना. ज्या भावंडांची कथा मी जन्मभर सांगत आलो, त्यांच्या आईबापांचे काय झाले ते आपण सारे जाणतोच. विठ्ठलपंत संसार टाकून काशीस गेले. रुक्मिणीबाई आळंदीस एकट्या राहिल्या. गुरूंनी सत्य कळताच पंतांना परत पाठवले. आणि शेवटी शास्त्री मंडळींनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले म्हणून त्या दोघांनी मुलांना मागे ठेवून देहत्याग केला. म्हणजे या चार पोरांना आईबापांचे म्हातारपण पाहावयास मिळालेच नाही. सेवा करावयाची तर कोणाची करणार? त्यांच्या वाट्याला वार्धक्य आले ते या एका मुक्या जनावराचे. तेवढे त्यांनी सांभाळले, आणि ते संपले तेव्हा जे पुत्राने करावयाचे ते केले. एवढी गोष्ट समोर असून मला ती इतकी वर्षे दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, चतुर्दशीस, मी मुद्दाम डॉक्टरांच्या घरी गेलो.

ओसरी आणि गोठा

जुने घर. पुढे ओसरी, बाजूला गोठा. ओसरीवर पलंगावर त्यांच्या पत्नी होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणे थोडे जड झाले, बुद्धी मात्र लख्ख. मी गेलो तेव्हा डॉक्टर त्यांची कूस बदलत होते. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, गुडघा किंचित दुमडून, कोठेही ओढाताण नाही. पाठीखालची चादर सारखी केली, टाचेखाली मऊ कापडाची वळी ठेवली. कामाला घरात बाई होती, पण हे काम ते तिला करू देत नाहीत.

“हे कोठे शिकलात?” मी विचारले.

“गोठ्यात,” ते म्हणाले. “आडव्या पडलेल्या जनावराची कूस तीन-चार तासांनी बदलावी लागते. नाहीतर एका बाजूने अंग मरते, जखमा होतात. खाली भरपूर गवत लागते. शेतकऱ्याला हे पटवून देण्यात माझे निम्मे आयुष्य गेले.”

पलंगावरून वहिनी जड जिभेने म्हणाल्या, “गाय समजून करतात, म्हणून बरं करतात. बायको समजून कधी पाणी दिलं नव्हतं.” आणि अर्ध्याच तोंडाने इतक्या मनमोकळ्या हसल्या की डॉक्टरही हसले.

त्या विनोदात खोटे काही नव्हते, हे डॉक्टरांनीच पुढे सांगितले. त्यांचे लग्न १९७२ सालचे. दुष्काळाचे ते भयंकर वर्ष ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. नवी नवरी घरात आली आणि नवरा गुरांच्या छावणीवर. हळद उतरण्यापूर्वी तिने पाहिली ती हाडे निघालेली गुरे. पुढे बदल्या, आडगावचे दवाखाने, रात्री-अपरात्री दारावर थापा. कोणाची म्हैस अडलेली, कोणाची गाय फुगलेली. ते काचेच्या पिचकाऱ्यांचे दिवस होते. सुया-पिचकाऱ्या उकळून ठेवण्याचे काम वहिनींचे. कंदील त्यांनी धरला, गरम पाण्याचे घंगाळ त्यांनी उचलले, दोन मुलांची दुखणी त्यांनी एकट्यांनी काढली. बुळकांडीच्या लसी टोचत डॉक्टर वाड्या-वस्त्या हिंडले. २०११ साली तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले; देवीनंतर असा नाहीसा झालेला हा दुसराच रोग. तेव्हा गावाने डॉक्टरांना नारळ दिला. “तो नारळ हिच्या ओटीत घालायला हवा होता,” डॉक्टर म्हणाले. “तेव्हा सुचले नाही. घरी आणून मी तो देवापुढे ठेवला.”

मला रघुवंशातील दिलीप आठवला. संततीसाठी राजा वसिष्ठांच्या नंदिनीची सेवा करतो. ती उभी राहिली की उभा राहतो, बसली की बसतो, ती पाणी प्यायली की मग आपण पितो. हा सर्ग शिकवताना आम्ही राजाचे गोव्रत रंगवून सांगतो. पण कालिदासाने एक बारीक गोष्ट सांगून ठेवली आहे. सकाळी सुदक्षिणा धेनूची पूजा करून तपोवनाच्या सीमेपर्यंत पोहोचवावयास येते, आणि संध्याकाळी पुन्हा सामोरी जाते. दिवसभर वनात राजा; दिवसाच्या दोन्ही टोकांना राणी. व्रत दोघांचे होते. यक्षाने युधिष्ठिराला विचारले की घरी राहणाऱ्याचा मित्र कोण, तेव्हा त्याने भार्या असे उत्तर दिले. आणि आजाऱ्याचा मित्र कोण, तर वैद्य. पेठच्या त्या ओसरीवर ही दोन्ही उत्तरे एकमेकांची चाकरी करीत होती. पन्नास वर्षे एकाने घेतले, आता तो फेडतो आहे, असे मी म्हणणार होतो. परंतु डॉक्टरांच्या चेहऱ्यावर फेडण्याचा भाव नव्हता. सप्तपदीच्या सातव्या पावलाला सख्य म्हटले आहे. ते पाऊल लग्नाच्या दिवशी पडते असे आपण समजतो. काहींचे ते पन्नास वर्षांनी पडत असावे.

“व्यायल्यावर दुग्धज्वराने बसलेली गाय असते ना, बुवा,” डॉक्टर सांगू लागले, “मान पोटाकडे वळवून निपचित पडते. कॅल्शियमची बाटली शिरेतून सोडली की बघता बघता उठून उभी राहते. लोक पायाच पडतात. हिच्यासाठी तशी बाटली नाही. फक्त कूस बदलायची.”

गोठ्यात एकच बैल होता. खिल्लार, पूर्वी देखणा असणार; आता पाठीचा कणा वर आलेला, डोळ्यांच्या खाचांत सावली. त्यांचा नव्हे. शेजाऱ्याने ट्रॅक्टर घेतला, जोडीतला एक बैल मेला, दुसरा डॉक्टरांनी मागून आणला. मी म्हटले, पुण्याचे काम केलेत. यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या अनुमतीने येथे देतो. नाव देऊ नका, एवढेच त्यांचे म्हणणे.

‘निरुपयोगी’

महाराष्ट्रात १९७६ साली जो पशुसंरक्षणाचा कायदा झाला, त्यात गाईच्या वधाला बंदी होती. बैलाला मात्र, तो ओढकामाला वा पैदाशीला उपयोगी राहिलेला नाही असा दाखला मिळाल्यास, मोकळीक होती. २०१५ पासून बैलालाही बंदी आली, हे वाचक जाणतातच. मधल्या काळात असे दाखले देण्याचे काम काही वर्षे डॉक्टरांकडे होते. जनावराचे तोंड उघडावयाचे, दात पाहावयाचे, खांदा दाबावयाचा, चार पावले चालवून गुडघे तपासावयाचे आणि लिहावयाचे. “बाकी मजकूर छापलेला असे. खरा शब्द एकच असे, निरुपयोगी. कायद्याचे काम होते. खोटा दाखला मी एकही दिला नाही. पण त्या शब्दाची सवय झाली.”

१९८३ साली पोळ्यानंतर ते सुट्टीवर पेठला आले होते. घरचा एक बैल म्हातारा झाला होता. धाकट्या भावाला तो काढून नवा घ्यावयाचा होता. चारा बेताचा, पैशाची ओढ. भाऊ म्हणाला, दादा, तू एकदा बघ. डॉक्टरांनी पाहिला. दात झिजलेले, खांद्याला जुनी गाठ, मागचा पाय धरलेला. ओसरीवर वडील बसले होते. त्यांच्यादेखत डॉक्टर कचेरीतल्या स्वरात म्हणाले, “निरुपयोगी आहे. काढून टाका.” पुढच्या बाजारी बैल गेला. बाजारातून तो कोठे जाणार हे सर्वांना ठाऊक होते, आणि ते कोणी बोलले नाही.

त्या रात्री वडिलांनी आपले अंथरूण उचलले आणि गोठ्यात रिकाम्या दावणीपाशी टाकले. कोणी बोलावले तरी आले नाहीत. सकाळी डॉक्टर निघाले तेव्हा पाया पडावयास गेले. वडील म्हणाले, “मंग आता माझंबी बघ. दात मोज, गुडघं बघ. माझा दाखला कवा लिवतोस?”

रागावून नव्हे, अगदी शांतपणे. पुढे वडील चार वर्षे जगले. खाण्यापिण्याची आबाळ झाली नाही, औषधपाणी झाले, दोन्ही मुले आणि सुना नीट वागल्या. पण ओसरीवर निजावयास ते पुन्हा आले नाहीत.

मला यावेळी महाभारतातील आश्रमवासिक पर्व आठवले, आणि ते मी डॉक्टरांना सांगितले. युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षे युधिष्ठिराच्या घरी राहिला. राजाने काही कमी पडू दिले नाही. वस्त्रे, भोजन, मान, सर्व पूर्वीप्रमाणे. केवळ भीम, राजाच्या माघारी पण म्हाताऱ्याच्या कानावर जाईल अशा बेताने, आपल्या बाहूंवर थाप मारून म्हणे की, याच बाहूंनी मी त्या आंधळ्याचे पुत्र मारले. धृतराष्ट्र काही बोलला नाही. तो जेवण कमी करीत गेला, जमिनीवर निजू लागला, आणि हे युधिष्ठिराला कळलेदेखील नाही. कळले तेव्हा म्हातारा वनात जाण्याची अनुज्ञा मागत होता. मनूने वानप्रस्थाची वेळ सांगितली आहे: अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि नातवंडाचे तोंड. एका शब्दानेही वन गाठावे लागते, हे त्याने सांगितलेले नाही. व्यासांनी दाखवले आहे.

डॉक्टर म्हणाले, “आमच्या वडिलांना वनात जायचे नव्हते. म्हणून ते गोठ्यात गेले.”

मग त्यांनी विचारले, याला प्रायश्चित्त आहे का? शास्त्रात गोवधाची प्रायश्चित्ते आहेत, कृच्छ्रे आहेत, चांद्रायणे आहेत. उच्चारलेल्या एका खऱ्या शब्दाचे प्रायश्चित्त मला कोठे आढळले नाही. मी तसे सांगितले. खोटा धीर देणे माझ्या जिभेवर येईना. पण गोठ्यातल्या त्या उसन्या बैलाकडे पाहून मी वृषोत्सर्गाचा विधी त्यांना समजावून सांगितला. कामाला न लावता सांभाळावयाचे जनावर. ते लक्ष देऊन ऐकत राहिले.

त्यांच्या मुलाविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर अन्याय होईल. तो पिंपरीकडे कारखान्यात आहे, रोज रात्री फोन करतो, महिन्यातून दोनदा येतो, आईबापांनी आपल्या पाचव्या मजल्यावरील घरी यावे म्हणून आग्रह धरतो. आजकालच्या मुलांना दूषणे देण्याची जी एक रीत आमच्या प्रवचनांत पडली आहे, ती मला या घरापुरती तरी निखालस चुकीची दिसली. डॉक्टर जात नाहीत ते हट्टाने नव्हे. “तिथे सून दिवसभर नोकरीवर. हिची कूस बदलायला मीच असणार. मग ती इथे बदललेली काय वाईट? इथून हिला गोठा दिसतो.” मात्र हेही ते म्हणाले की, शेकडो घरांत ते गेले आणि एक अनुभव सहसा चुकला नाही. ज्या घरी म्हातारे जनावर कोपऱ्यात, ओल्या जागी, आखूड दाव्याने बांधलेले, त्या घरी म्हाताऱ्या माणसाचे अंथरूणही बहुधा तशाच जागी. सरकारने २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा केला, २०१५ साली बैलाचा. “दोन्ही चांगले कायदे आहेत, बुवा. पण कायद्यात वैरण कोणी घालायची ते आहे. पाठीवरून हात कोणी फिरवायचा, ते नाही.” शर्यतीच्या बैलांना दूध-अंडी मिळतात आणि नांगराच्या बैलाला म्हातारपणी कडबाही मोजून, याबद्दलही त्यांनी थोडे कडू बोलून घेतले, ते येथे वाढवीत नाही.

त्या संध्याकाळी खांदेमळणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद आणि लोण्याने मळावयाचे आणि उद्या जेवावयास या, असे त्यांना आमंत्रण द्यावयाचे, ही आपली चाल. डॉक्टरांनी बैल सोडून ओसरीच्या कडेला, पलंगाजवळ आणून उभा केला. वाटी त्यांनी धरली. वहिनींनी डावा हात वाटीत बुडवला आणि बैलाच्या खांद्यावरून फिरवला. हात तेथपर्यंत जेमतेम पोहोचत होता. बैल आपण होऊन अर्धे पाऊल जवळ सरकला. वर्षानुवर्षांच्या जुवाने त्या खांद्यावर पडलेली गाठ होती, तिच्यावर त्यांचा हात बराच वेळ थांबला. आमंत्रणाचे शब्द त्यांना नीट उच्चारता आले नाहीत. डॉक्टरांनी ते पुरे केले.

यंदा पक्षपंधरवडा लागला आणि दोनच दिवसांत डॉक्टरांचा फोन आला. बैल ज्येष्ठात गेला. शेवटचे नऊ दिवस तो बसूनच होता. ओसरी आणि गोठा अशा दोन ठिकाणी कूस बदलण्याचे काम चालले होते. शेताच्या बांधाजवळ खड्डा घेऊन पुरला. आता त्यांची शंका अशी होती, की सर्वपित्रीला घरच्या पितरांबरोबर त्याला एक ओंजळ पाणी दिले तर चालेल का? गुरुजींना विचारावयास संकोच वाटतो.

मी सांगितले, खुशाल द्या. आश्वलायन गृह्यसूत्रात नित्यतर्पणाची जी यादी आहे, तीत समुद्र, नद्या, पर्वत, वनस्पती, पक्षी यांच्या जोडीने गाईही आहेत. नवे काही तुम्ही करीत नाही.

“आणि गोत्र काय म्हणायचे?”

“ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप,” मी म्हटले. “शिवाय विष्णुपुराणात गाई आणि म्हशी ही कश्यपाचीच संतती सांगितली आहे, सुरभीपासून झालेली. म्हणजे ते खरेही आहे.”

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग डॉक्टर म्हणाले, “थांबा, हिला सांगतो. तिनेच विचारायला लावले होते.”